सरकार जेवायला बसतात

४ मे १७७६

वाल्डेनेकला पोचलो. गाडीवानाने वेशीबाहेरच उतरवले. म्हणाला, पुढे चालत जा, गाडी आत नेली तर वळवायला राज्य पुरायचं नाही. एवढेच हे संस्थान. एक नदी, एक टेकडी, टेकडीवर राजवाडा, पायथ्याशी थोड्या गल्ल्या. सफरचंदांना फुले आली आहेत. वेशीवर बार्टेल नावाचा लंगडा म्हातारा पहाऱ्याला असतो. त्याने माझी पेटी उघडायला लावली, आतल्या मेणाचा वास घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. मेणकाराला टोपी काढणारे गाव मी पहिल्यांदाच पाहिले.

राहायला कुनिगुंडेबाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. विधवा आहेत, बिअर गाळून विकतात. तीन मुलगे, तिघेही उंबरठ्यातून वाकून आत येतात. त्यांनी समोर जवाचे सूप ठेवले आणि वर डुकराच्या चरबीचा गोळा सोडला. म्हणाल्या, खा मास्तर, तुम्ही लोक इथे आलात की वाळायला लागता.

दुपारी दिवाण फॉन एलरिख यांनी बोलावले. बारीक, नीटस माणूस. बोलताना आपल्या बाह्यांच्या कफांकडे बघतो. काम समजावून सांगितले. राजे लुडोल्फ सातवे तब्येतीसाठी दक्षिणेत गेले आहेत. इथले जुने वळण असे की रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की सरकार प्रजेसमोर जेवायला बसतात. लोक कठड्याबाहेरून ओळीने जातात, वाकतात, बघतात. सरकार गावी नसले की त्यांची मेणाची मूर्ती बसते. शेजारच्या ड्यूकशी केलेल्या जुन्या तहात कलम आहे. ज्या रविवारी वाल्डेनेकचा राजा प्रजेसमोर जेवणार नाही, त्या रविवारपासून वाल्डेनेक ड्यूकचे.

मला हसू आले. दिवाणही हसले, पण माझ्यानंतर.

मूर्ती नीट ठेवली तर नोकरी कायम, आणि तटाला लागून घर, मागे बाग. म्हणजे बायकोला, वाल्बुर्गाला, आणि लेकीला, अफ्राला, आणता येईल. लग्नाला सात वर्षे झाली, आइखश्टेटला आम्ही अजून सासऱ्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहतो. पुढे मेणबत्त्या आणि मधाचे केक, मागे आम्ही. अफ्राच्या केसांनासुद्धा लवंगेचा वास येतो.


८ मे

मूर्ती पाहिली. चेहरा चांगल्या हाताने केलेला आहे. मेणात राळ बेताची, गालांवर हिंगुळाची लाली अगदी पुसट. पन्नाशीचा, गोल, जरा लाजरा चेहरा. राजापेक्षा पाववाला वाटतो. अंगरख्याच्या बाह्या मनगटाशी शिवून टाकल्या आहेत, त्या उसवायच्या नाहीत असे दिवाणांनी बजावले. उजव्या हाताची मात्र पार दशा झाली आहे. बोटे गळाली आहेत.

नमुन्याला हात कुणाचा घ्यावा हा प्रश्न आमच्या धंद्यात पडत नाही. स्वतःचा घ्यायचा. तो हलत नाही आणि बिअर मागत नाही. आइखश्टेटला लोक संतबाईला मेणाचा हात वाहतात आणि आपला दुखरा हात बरा करून घरी नेतात. नवसाच्या त्या सगळ्या हातांना माझीच बोटे आहेत.

प्लास्टरच्या साच्यात माझ्या अंगठ्यावरचा चट्टाही उतरला. मेण किती तापले हे आम्ही उजव्या अंगठ्याने बघतो, त्यामुळे प्रत्येक मेणकाराच्या अंगठ्यावर तो असतो. अफ्रा रोज त्यावर फुंकर घालते. अजून दुखतं का बाबा, विचारते. मी रोज हो म्हणतो.

राजाच्या अंगठ्याला चट्टा कसा असेल? तो घासून काढला.


१२ मे, रविवार

आज सरकार जेवले. लांब टेबल, एकच खुर्ची. आधी रुमाल आणला, सगळे रुमालाला वाकले. मग मीठदाणी आली, तिलाही वाकले. मग शतावरी आणि निळसर उकडलेला कार्प मासा. वाढपी वाढतो, थांबतो, ताट उचलून नेतो.

मला वाटले होते लोक गंभीर असतील. छे. खाटकाने सरकारांना विचारले, मासा आमच्याकडचा नाही म्हणून तोंड वळवलंत काय? एका आजीबाईंनी सरकारांना अजून लग्न केलं नाही म्हणून झापले. कुनिगुंडेबाई म्हणाल्या, हात आज कसा गुटगुटीत दिसतोय, नाहीतर महिनाभर आम्ही त्या पंजाकडे बघून जेवत होतो. मला फार बरे वाटले.

परतताना त्यांनी पलीकडचा डोंगर दाखवला. तो ड्यूकचा. ड्यूक आपली माणसे इंग्लंडच्या राजाला विकतो. जहाजात भरतात आणि समुद्रापलीकडच्या लढाईवर धाडतात. डोंगरामागच्या गावात आता नांगर बायका धरतात. सरकार जेवतायत तोवर माझी पोरं जेवतायत, म्हणाल्या. मग धाकट्याच्या पाठीत रट्टा घातला, कारण तो माझी टोपी घालून दिवाणांची नक्कल करत होता.


१९ मे

घराची किल्ली मिळाली. दोन खोल्या, चुलीचा धूर नीट वर जातो. मागे एक आलुबुखाराचे झाड आणि मधाच्या पोळ्यांना पुरेल एवढे ऊन. वाल्बुर्गाला लिहिले. जुलैअखेर या. दुकानातली मेण वितळवायची लहान परात आण, इथली तांब्याची बरोबर नाही.


३० मे

दिवाण म्हणाले, भुवया विरळ झाल्यात, लोक बोलतात. केसांचा व्यापारी बांबेर्गला, येणार कधी? तेव्हा माझ्याच डोक्यावरचे घेतले. गरम सुईने एकेक केस रोवायचा. पापण्याही केल्या. पूर्ण दिवस गेला. शेवटी चेहरा जागा झाला. इतका की मी सुई खाली ठेवली आणि दोन पावले मागे सरकलो.

चांगले काम झाले की असे होतेच.


६ जून

परात उचलायला फडके घ्यायचे विसरलो. चरचर आवाज आला म्हणून खाली बघितले. कळ नाही. उजव्या हाताची कातडी पिवळट झाली आहे. रेषा बुजत चालल्या आहेत. बोटे वाकतात, पण पीठ मळल्यासारखी, सावकाश.

मूर्तीचा हात कोमट होता. खिडकीतून ऊन येत होते, हे खरे. पण दुसरा हातही उन्हातच होता, आणि तो गार होता.

घासून काढलेला चट्टा अंगठ्यावर परत आला आहे.


२० जून

वाड्याच्या वरच्या दालनात आजवरच्या राजांची चित्रे आहेत. सरकारांच्या जिवणीसाठी घराण्याचा तोंडवळा बघावा म्हणून गेलो.

पहिला लुडोल्फ चिलखतात. लांब नाक, क्रूर, अस्सल राजा. दुसरा लुडोल्फ त्याचा मुलगा वाटत नाही. बुटका, बटाट्यासारखे नाक. तिसरा उंच, पिंगट. चौथ्याला बघून मला आमच्या धंद्यातला उल्मचा एक जण आठवला. कुणाचे कुणाशी साम्य नाही. साम्य एकाच गोष्टीत. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येकाने उजवा हात टेबलावर ठेवला आहे, आणि प्रत्येकाच्या अंगठ्यावर चट्टा आहे.

दिवाणांना विचारले. चित्रकारांची लकब, म्हणाले. शंभर वर्षांत चित्रकार बदलले असतील, मी म्हणालो. ते कफांकडे बघत राहिले.

कुनिगुंडेबाई बदकाची पिसे काढत होत्या. माझ्याआधी इथे मेणकार कोण होता, असे विचारले. बांबेर्गचा होता, म्हणाल्या. गोल तोंडाचा, लाजाळू, फार गोड माणूस. माझ्या थोरल्याला लाकडाचा घोडा करून दिला होता.

तो गेला कुठे?

जाईल कुठे, म्हणाल्या, आणि पिसे काढू लागल्या.


२१ जून

बाही उसवली.

मेणाखाली लाकडाचा सांगाडा असतो. निदान मी करतो त्या मूर्तींत असतो. इथे लाकूड नव्हते.

पुन्हा शिवली. टाके वाकडे आले. हात थरथरत नव्हता. थरथरला असता तर बरे वाटले असते.


२३ जून

पेटी खोलीवरच सोडून वेशीवर गेलो. बार्टेलने पाणी दिले, बसायला स्टूल दिले, मग भाला आडवा धरला. बाहेर जायला सरकारांच्या सहीचा परवाना लागतो. मी म्हणालो, सरकार मेणाचे आहेत हे तुला माहीत आहे. त्याने मान हलवली. रागावू नका मास्तर, म्हणाला, मला नातू आहेत.

रागावता येईना. तो रडत होता.

वाल्बुर्गाला पत्र लिहिले. येऊ नकोस. डाव्या हाताने लिहिले, उजव्याला आता टाक धरता येत नाही. टपाल वेशीवरूनच जाते. बार्टेलने पत्र घेतले, वरची धूळ पुसली, खिशात ठेवले. फार नीट ठेवले.

पत्र जाणार नाही.


७ जुलै, रविवार

मी कठड्याबाहेर उभा होतो. ताट परत आले तेव्हा वाढप्याच्या हातून निसटता निसटता राहिले. माशाचा नुसता काटा उरला होता.

सगळे वळून माझ्याकडे बघत होते.

मला आठवडाभर भूक नाही. पोट मात्र भरलेले आहे. तोंडाला माशाची चव आहे.


१२ जुलै

दिवाण स्वतः माझ्या खोलीवर आले. सरकार हयात नाहीत असा ड्यूकला संशय आला आहे. येत्या रविवारी त्याचा वकील येणार, सरकारांच्या हाताचे चुंबन घेणार. मूर्ती चालणार नाही. बसणारा माणूस हवा. एकच दुपार. चेहऱ्यावर सरकारांच्या चेहऱ्याचा पातळ मुखवटा, तो मीच करायचा, मीच चढवायचा, मीच काढायचा. बदल्यात परवाना.

मी नाही म्हणालो. बांबेर्गच्या माणसालाही एकच दुपार सांगितली होती का, असे विचारले. दिवाण म्हणाले, हो. खोटे बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. तो नवा राजा म्हणून आपल्याच चेहऱ्याने बसला, कुठे जाणार नव्हता, त्याला बाहेर कुणी नव्हते, म्हणाले. तुम्हाला आहे. तुम्ही काढाल.

ते गेल्यावर कुनिगुंडेबाई वर आल्या. बुटांचे तीन जोड माझ्यासमोर मांडले. हे बघा मास्तर, म्हणाल्या, या बुटांत पाय राहू देत. रडल्या नाहीत. बूट तसेच ठेवून गेल्या.

वाल्बुर्गा विसाव्या तारखेच्या सुमाराला निघेल. मला चौदा-पंधरा तारखेला परवाना मिळाला तर वाटेतच गाठीन. तिथूनच परत फिरवीन.

मेण मला कळते. चढवलेले मला काढता येते.


१४ जुलै, रविवार

बसलो.

मूर्ती सकाळीच चॅपेलखाली राजांना पुरतात त्या तळघरात नेली. सगळे मानपान केले. घंटा तेवढी वाजवली नाही.

वकील जाडा, घामट. वाकला, हाताला ओठ लावले. मला काही कळले नाही. माझा हात मला गार धोंड्यासारखा लागतो. तो मात्र सरळ होऊन म्हणाला, सरकारांचा हात चांगला उबदार आहे.

मग गाव गेले ओळीने. मूर्तीशी थट्टा करणारी माणसे माझ्याशी अवाक्षर बोलली नाहीत. कुनिगुंडेबाईंचे तिघे मुलगे गुडघ्यावर बसले. धाकट्याने माझ्याकडे बघितले नाही.

सगळे गेल्यावर कानामागे नख घातले. मुखवट्याची कड तिथे केसांखाली सोडली होती.

कड सापडली नाही.

बदकाची चरबी चोळली. गरम पाणी मागितले. दिवाणांनी स्वतः आणले. आणि म्हणाले, घ्या, सरकार.


१७ जुलै

कड नाही. कानामागे नाही, हनुवटीखाली नाही.

चाकूने गालाची खपली काढली. रक्त नाही. पिवळी सालपटे निघाली. मधाचा वास.


२० जुलै

दिवाणांनी परवाना आणला. त्यावर माझे नाव, योब्स्ट आमोन, मेणकार, आइखश्टेट. सही मला करायला सांगितली. डाव्या हातानेच केली, माझे नाव लिहायचे म्हणून. उठले ते लुडोल्फ.

त्यांनी वाळू टाकून शाई वाळवली.

वेशीवर गेलो. बार्टेलने परवाना वाचला. माझ्या तोंडाकडे बघितले. पुन्हा वाचला. मग लंगडा पाय मागे घेऊन धुळीत गुडघे टेकले. म्हणाला, कागद खरा आहे सरकार, सहीही खरी आहे. पण हा माणूस कुठे आहे?


२४ जुलै

जीभ जड. शब्द उशिरा येतात. सावलीत बसवतात. ऊन लागू देत नाहीत.

वरच्या दालनात चित्रकार बोलावला आहे. म्हणतो, हात टेबलावर ठेवा.


२६ जुलै

डावा हातही — सकाळपासून करंगळी.

थोडेच लिहीन.


२७ जुलै, शनिवार

खिडकीतून वेस दिसते.

गाडी. वाल्बुर्गा मागे बसली होती. मांडीवर परात. अफ्रा उभी, सगळ्यांना हात करत. बार्टेलने तिला उचलून खाली घेतले.

हाक मारली. आवाज फुटला नाही.

दिवाण आले. वाल्बुर्गाला सांगितले आहे की नवरा मेण आणायला गेला आणि परतला नाही. ती चिडली. म्हणाली, असं करणारा माणूस नाही तो. एक-दोन दिवस वाट बघणार, नाहीतर परत जाणार. उद्या सगळ्यांबरोबर जेवण बघायला येईल.

मग कफांकडे बघत विचारले. बाईंना धंदा येतो ना? वडिलांचं दुकान आहे म्हणे. भुवयांना लवकरच काम लागेल.

मेणकाराचा हात पुढे आला म्हणजे आधी अंगठ्यावरचा चट्टा बघायचा, हे तिलाही माहीत आहे. वडिलांनी शिकवले आहे. तिच्याही अंगठ्यावर —

तिने मला ओळखू नये. ओळखले तर जाणार नाही. राहील. दुरुस्त करील मला. रोज. स्वतःचा हात साच्यात —

चेहऱ्याने नाही ओळखणार. चेहरा बांबेर्गचा.

अंगठा.


२८ जुलै, रविवार

कपडे घातले. बसवले. दार बंद आहे अजून. रुमालाखाली लिहितो.

अंगठा रुमालाखाली ठेवायचा. एवढेच. मग त्या दोघी चिडून निघून जातील. बाग, झाड, सगळे सोडून. दुकानामागच्या खोलीत. चांगली खोली.

घंटा.

लोक आले. पावले. अफ्राचा आवाज ओळखू येतो. आईला विचारते आहे, राजाला वाकायचं की त्याच्या जेवणाला?

कुनिगुंडेबाई हसल्या. मग कुणीच हसले नाही.

रुमालाखाली. नीट झाकला.

लवंगेचा वास. इथपर्यंत.

सगळ्या अंगात काही कळत नाही. अंगठा तेवढा — आत्ता — दुखतो आहे. खरेच दुखतो. ती विचारील, अजून दुखतं का, आणि मी —

एकदाच. एकदा फुंकर —

नाही. झाक —

दार उघडते आहे. रुमाल सरक